बत्तीस वेळांनी भागत नाही

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लागावा म्हणून फिजिओथेरपीच्या एका सत्रात तो किती वेळा हलवला जातो? अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधक कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क मोजून पाहिलं. ३१२ उपचार-सत्रांचं निरीक्षण करून त्यांनी रुग्णाने केलेल्या हालचालींची नोंद ठेवली आणि २००९ मध्ये आकडे छापले. हातासाठी घेतलेल्या सत्रांपैकी जेमतेम निम्म्या सत्रांत कामाच्या हालचालींचा सराव झाला होता. जिथे झाला, तिथे सरासरी निघाली फक्त ३२. प्रयोगशाळेत ज्या उंदरांच्या आणि माकडांच्या मेंदूत सरावामुळे नव्या जोडण्या तयार झालेल्या दिसतात, ते प्राणी हीच हालचाल दिवसाला काही शे वेळा करत असतात.

ही दरी कुणाच्या आळसामुळे पडलेली नाही. एका फिजिओच्या हाताखाली दिवसभरात किती रुग्ण असतात, रुग्ण किती लवकर थकतो आणि तीच ती हालचाल करताना किती लवकर कंटाळतो, हे कोणत्याही विभागात तासभर बसलं तरी कळतं. माणसाने एकच कृती शेकडो वेळा, मन लावून आणि बिनचूक करावी असं काय करता येईल, या प्रश्नापोटी गेल्या पंचवीसेक वर्षांत फिजिओथेरपीचे काही प्राध्यापक व्हिडिओ गेमकडे, कॅमेऱ्यांकडे आणि डोळ्यांवर चढवायच्या व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या संचाकडे वळले. संशोधक त्याला थोडक्यात व्हीआर म्हणतात. त्यातून काय हाती लागलं हे नागपूरच्या गांधीबागेसारख्या वस्तीत उभं राहून तपासण्याजोगं आहे, कारण इथली रोजीरोटी हातांवर चालते.

गादी, थान आणि खांदा

इतवारी आणि महालच्या शेजारी, सेंट्रल एव्हेन्यूच्या कडेला पसरलेली गांधीबाग म्हणजे कापडाचा ठोक बाजार. विदर्भातले दुकानदार लग्नसराईचा आणि दिवाळीचा माल भरायला इथे येतात. शहराचं कापडाशी नातं जुनंच आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झाली, आणि हलबा-कोष्टी विणकरांचे माग त्याही आधीपासून चालत होते. आज मिल नाही, पण बाजार आहे. गठ्ठे पाठीवर घेणारे हमाल, हातगाड्या, गादीवर बसून थान उलगडणारे विक्रेते आणि बोटांनी पोत पाहणारं गिऱ्हाईक, हे सगळं रोज सकाळी नव्याने सुरू होतं.

थान उलगडण्याची क्रिया फिजिओथेरपिस्टच्या नजरेने पाहिली तर ती फार अवघड आहे. माणूस मांडी घालून बसलेला असतो, म्हणजे धड कंबरेवर तोललेलं हवं. खांदा पुढे जातो, कोपर सरळ होतं, मनगट वर उचललेलं राहतं. एक हात थानाचं टोक धरून ठेवतो, दुसरा झटका देतो आणि नेमक्या क्षणी बोटं उघडून कापड सोडतो. मग तळहात कापडावरून सपाट फिरतो. यातली प्रत्येक गोष्ट पक्षाघात बिघडवतो. अनेक रुग्णांत खांदा उचलायला जावं तर कोपर आपोआप वाकतं, मनगट खाली पडतं आणि मूठ मिटते. स्नायू सुटे काम करेनासे होतात, एका जुडग्यात बांधल्यासारखे एकदम ओढले जातात.

या आजाराला इथे सगळे लकवा म्हणतात. लकवा मारलेल्या माणसाला आधी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत नेतात, ऐपत असेल तर खासगी दवाखान्यात. जीव वाचतो, आठ-दहा दिवसांनी माणूस घरी येतो आणि मग सल्ल्यांची रीघ लागते. कुणी तेल सुचवतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. बाजारातली मारवाडी कुटुंबं राजस्थानातल्या नागौर जिल्ह्यातलं बुटाटी धाम ओळखतात. लकव्याच्या रुग्णाने तिथे सात दिवस राहून परिक्रमा करायची अशी श्रद्धा आहे. घरात रुग्णाच्या हातात एक रबरी चेंडू दिला जातो आणि ‘दाबत राहा’ असं सांगितलं जातं. मूठ आवळणं हे त्या हाताला बहुतेक वेळा सगळ्यात आधी जमू लागतं. अडतं ते उघडण्यापाशी.

वेळेचा हिशेबही विचित्र आहे. अलेक्झांडर ड्रॉमरिक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ७२ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचाराखेरीज हाताचा २० तासांचा जादा सराव द्यायचा. काहींना झटक्यानंतर पहिल्या महिन्यात, काहींना दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, काहींना सहा महिने उलटल्यावर. सगळ्यांत जास्त फायदा झाला तो दोन ते तीन महिन्यांच्या गटाला. सहा महिन्यांनंतरच्या गटात जादा सराव न मिळालेल्यांपेक्षा फारसा वेगळा परिणाम दिसला नाही. दुसरा-तिसरा महिना म्हणजे आपल्याकडे रुग्ण घरी पडून असण्याचा आणि घरच्यांची धावपळ थंडावण्याचा काळ.

हे काम घरच्यांवर सोपवता येईल का, याचीही भारतात नीट परीक्षा झाली आहे. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे जयराज पांडियन यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांमधले १२५० रुग्ण होते. अर्ध्या रुग्णांच्या नातेवाइकांना व्यायाम आणि काळजी शिकवून घरी पाठवलं, बाकीच्यांना नेहमीचा उपचार मिळाला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू आलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण सारखेच होते, ४७ टक्के. नातेवाइकांची माया कमी पडली असा याचा अर्थ नाही. पुरेसा आणि बिनचूक सराव रोज करून घेणं हे शिकलेल्या नजरेचं काम आहे, आणि ती नजर घरोघर कशी पोचवायची हा प्रश्न या चाचणीनंतर अधिकच टोकदार झाला.

पाठ टेकून हात पुढे

बिनचूक म्हणजे काय, यावर आयुष्य घालवलेल्या एक फिजिओथेरपीच्या प्राध्यापक आहेत माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या मिंडी लेविन. रुग्ण समोरची वस्तू घेतो तेव्हा ती कशी घेतो, हे त्यांनी मोजायला घेतलं. २००० साली कार्मेन चिर्स्तिया यांच्याबरोबर ‘ब्रेन’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की हात पुढे जात नसला तरी रुग्ण वस्तूपर्यंत पोचतो, कारण तो कंबरेतून पुढे झुकतो. काम झालेलं असतं, पण खांदा आणि कोपर तसेच राहिलेले असतात. ही तडजोड महिनोन्‌महिने चालली की तीच सवय होऊन बसते. म्हणून त्यांच्या गटाने रुग्णाची पाठ खुर्चीला पट्ट्याने बांधून सराव घेतला आणि कोपर जास्त सरळ होतं का ते तपासलं.

व्हीआर लेविन यांच्या हाती आलं ते या प्रश्नाच्या वाटेवर. कृत्रिम दृश्यात लक्ष्य कुठे ठेवायचं, किती दूर, किती उंच, रुग्णाला त्याची चूक कधी आणि कशी दाखवायची, हे सगळं संशोधकाच्या हातात असतं. त्यांचे विद्यार्थी संदीप सुब्रमण्यन यांनी जुना पक्षाघात असलेल्या ३२ जणांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. निम्म्यांनी त्रिमितीय कृत्रिम दृश्यात, निम्म्यांनी खऱ्याखुऱ्या लक्ष्यांकडे हात नेण्याचा सराव केला. चार आठवडे, १२ सत्रं, प्रत्येक सत्रात ७२ वेळा. दोन्ही गटांचा सराव सारखाच होता, पण खांद्याच्या हालचालीत व्हीआर गट पुढे गेला. पुढे लेविन यांनी इस्रायलमधल्या संशोधकांना आणि मणिपालच्या फिजिओथेरपी विभागातले जॉन सॉलोमन यांना सोबत घेऊन तीन देशांतली एक चाचणी आखली. तिच्यात प्रत्येक रुग्णाचं कोपर कुठल्या कोनापर्यंत न अडखळता सरळ होतं ते आधी मोजायचं आणि कृत्रिम दृश्यातली लक्ष्यं त्याच टापूत ठेवायची, अशी योजना होती.

प्रत्यक्ष सत्र दिसायला साधं असतं. चाकं नसलेली, हातांची खुर्ची. रुग्णाला त्यात नीट बसवून पाठ टेकवली जाते. संच चढवण्याआधी फेफरं येण्याचा इतिहास आहे का, चक्कर येते का, नजर कशी आहे, हे विचारलं जातं. संच पुसून घेतला जातो. रुग्णाला आता खोली दिसत नाही. त्याच्यासमोर फळी आहे, फळीवर डबे आहेत आणि डावीकडचा डबा उजळला आहे. रुग्णाला जे दिसतं तेच फिजिओसमोरच्या पडद्यावर दिसत असतं. फिजिओचा एक हात रुग्णाच्या खांद्यामागे असतो. ‘काका, पाठ सोडू नका. हात येऊ द्या पुढे. अजून थोडा. आता बोटं उघडा.’ डबा सुटला की पुढचा उजळतो. वीस मिनिटांनी संच उतरवला की मोजणी समोर येते, आणि ती बत्तीसच्या खूप पुढे गेलेली असते. या सगळ्यात फिजिओची नजर पडद्यावर कमी आणि कंबरेवर जास्त असते, कारण गुण डबा हलला की मिळतात. कंबर झुकवून हलवला तरी मिळतात. स्वस्त खेळांमधला मोठा धोका हाच. सांध्यांची नोंद न घेणारं यंत्र चुकीच्या हालचालीलाही शाबासकी देतं.

पत्ते, जेंगा आणि आकडे

नव्या यंत्रांभोवती उत्साह चटकन गोळा होतो. या क्षेत्राने आपल्या उत्साहाला स्वतःच लगाम घातला, ही त्याची मोठी जमेची बाजू. २००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ हा हात हलवून खेळायचा संच बाजारात आला आणि जगभरच्या पुनर्वसन केंद्रांनी तो विकत घेतला. न्यू जर्सीच्या रट्‌गर्स विद्यापीठातल्या फिजिओथेरपीच्या प्राध्यापक ज्युडिथ डॉइच यांनी २००८ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका किशोरवयीन रुग्णासाठी तो वापरून त्याचा सविस्तर वृत्तान्त लिहिला. टोरोन्टोचे गुस्ताव्हो सापोस्निक यांनी २०१० मध्ये २२ रुग्णांवरचा छोटा अभ्यास केला. निकाल आशादायक होते. मग त्यांनीच मोठी चाचणी घेतली. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधल्या १४ केंद्रांतले १४१ रुग्ण. दोन आठवड्यांत एक-एक तासाची दहा सत्रं. एका गटाला ‘वी’, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा आणि चेंडूचे खेळ. २०१६ मध्ये निकाल आला. दोन्ही गट सुधारले आणि सारखेच सुधारले.

म्हणजे पत्त्यांचा कॅट आणि महागडा संच यांची बरोबरी झाली. लेविन यांच्या वाटेने पाहिलं तर याचं कारण सापडतं. ‘वी’ बनवला होता धडधाकट घरांच्या करमणुकीसाठी. कुणाचं कोपर कुठे अडतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या केट लेव्हर आणि सहकारी कॉक्रेन संस्थेसाठी या सगळ्या चाचण्यांचा वेळोवेळी ताळेबंद मांडतात. २०१७ मध्ये त्यांच्यासमोर ७२ चाचण्या आणि २४७० रुग्ण होते. निष्कर्ष असा निघाला की तेवढ्याच वेळाच्या नेहमीच्या उपचारापेक्षा व्हीआर हाताला जास्त फायदा देत नाही. नेहमीच्या उपचारात भर म्हणून दिलं, म्हणजे एकूण सराव वाढला, तर फायदा दिसतो. २०२५ च्या ताळेबंदात चाचण्या १९० झाल्या आणि रुग्ण ७१८८. आता हातासाठी इतर उपचारांपेक्षा थोडी सरशी दिसते. पण ती थोडीच आहे, आणि रुग्ण पुन्हा कामधंद्यात, घरच्या व्यवहारात किती परतला याचा पुरावा अजूनही तोकडा आहे.

तोल आणि चालण्याच्या बाबतीत चित्र अधिक ठळक आहे. इस्रायलच्या अनात मिरेलमन यांच्या पुढाकाराने पाच देशांत झालेल्या चाचणीत वारंवार पडणारे ३०२ वयस्क होते, त्यांत पार्किन्सनचेही पुष्कळ रुग्ण होते. सगळे ट्रेडमिलवर चालले. त्यांतल्या निम्म्यांसमोर पडदा होता, कॅमेरा त्यांची पावलं टिपून त्या पडद्यावर उमटवत होता, आणि वाटेत डबकी, अडथळे, वळणं येत होती. या गटात सहा महिन्यांतल्या पडण्याचं सरासरी प्रमाण ११.९ वरून ६.० वर आलं. नुसत्या ट्रेडमिलवाल्यांत ते १०.७ वरून ८.३ झालं. पाय दोघांचेही चालले होते. पडदेवाल्यांना चालताना लक्ष द्यावं लागत होतं आणि पाऊल कुठे टाकायचं ते ठरवावं लागत होतं.

लक्ष देण्याचा प्रश्न पक्षाघातात वेगळ्याच रूपात येतो. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींना डावीकडचं जग जाणवतच नाही. डोळे शाबूत असतात, पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशा रुग्णाला सेंट्रल एव्हेन्यू ओलांडायला पाठवणं म्हणजे जिवाशी खेळ. इस्रायलच्या नोमी काट्झ, तामार वाइस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा रुग्णांना संगणकाच्या पडद्यावरचा रस्ता ओलांडायला शिकवून पाहिलं. इथे कृत्रिम दृश्याची गरज निर्विवाद पटते. खऱ्या रस्त्यावर शंभर वेळा चुकून शिकायची सोय नसते.

विदर्भाच्या प्रयोगशाळा

मेंदूला दृश्यातून चकवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. हात तुटलेल्या माणसाला न उरलेल्या हातातल्या वेदना छळतात. त्यांवर तामिळनाडूत जन्मलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात एक साधा आरसा उभा करून उपाय शोधला. १९९९ मध्ये हाच आरसा नऊ पक्षाघाताच्या रुग्णांवर वापरून पाहिल्याचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये आला. चांगला हात हलवायचा, आरशात तो दुबळ्या हाताच्या जागी दिसतो. आज कितीतरी फिजिओथेरपी विभागांत हा आरसा असतो.

त्यानंतरची यंत्रंही भारतात घडत आहेत. आयआयटी गांधीनगरच्या उत्तमा लाहिरी यांनी तोलाच्या सरावासाठी ‘वी’ची फळी घेतली, पण खेळ आपला लिहिला, रुग्णाच्या क्षमतेप्रमाणे तो सोपा-अवघड होतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले शिवकुमार बालसुब्रमण्यन आणि आयआयटी मद्रासच्या सुजाता श्रीनिवासन यांच्या गटांनी ‘प्लूटो’ नावाचं मनगट आणि बोटांसाठीचं छोटं यंत्र खेळांसकट तयार केलं. नागपूरपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, वर्ध्याशेजारच्या सावंगी (मेघे) इथल्या रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालयातून व्हीआरच्या वापरावर शोधनिबंध येत आहेत. खुद्द नागपुरात मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण आहे, आणि हिंगणा रोडला डिगडोहच्या टेकडीवर विद्या शिक्षण प्रसारक मंडळाचं महाविद्यालय आहे. डिसेंबर २०२२ पासून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन अग्रसेन चौकातून थेट हिंगणा रोडवरच्या लोकमान्य नगरपर्यंत जाते. बाजार आणि महाविद्यालय एका तिकिटावर आले आहेत.

शहराकडे जाणकारांचीही वाण नाही. २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेले मेंदुविकारतज्ज्ञ चंद्रशेखर मेश्राम नागपूरचेच. आणि विदर्भाचे स्वतःचे प्रश्नही आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आजार इथे मोठ्या प्रमाणात आढळतो आणि तो लहान मुलांनाही पक्षाघाताचा झटका देऊ शकतो. सात वर्षांच्या मुलाकडून शंभर वेळा हात उचलून घ्यायचा तर खेळाशिवाय दुसरा मार्ग कुठला?

परदेशी कंपन्यांचे तयार संच घेणं आता तितकंसं अवघड राहिलेलं नाही. डोळ्यांवरचा साधा संच एखाद्या चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतो. त्यातल्या दृश्यांत मात्र सुपरमार्केट असतं, बोलिंगची गल्ली असते, इंग्रजी सूचना असतात. गांधीबागेतल्या माणसाला खुर्चीवर नाही, गादीवर बसायचं आहे. त्याच्या कृत्रिम दृश्यात थान हवं, मीटरपट्टी हवी, वरच्या फळीवरचा गठ्ठा हवा, नोटांची गड्डी हवी आणि कानावर मराठी, हिंदी, मारवाडी सूचना हव्यात. हे नुसतं नटवणं नाही. सराव ज्या कामाचा, सुधारणा मुख्यतः त्याच कामात, हे हालचाल शिकण्याच्या शास्त्रातलं पक्कं निरीक्षण आहे. फिजिओथेरपीचा पदव्युत्तर विद्यार्थी, अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि बाजारातला एक जुना विक्रेता एकत्र बसले तर असा खेळ नागपुरातच लिहून होईल.

खेळाच्या आधी मोजपट्टी करावी लागेल. हात किती सुधारला हे मोजायला फ्यूगल-मायर ही ६६ गुणांची चाचणी जगभर वापरतात. ती सांध्यांची हालचाल तपासते. माणूस घरी गेल्यावर तो हात खरोखर वापरतो का, हे विचारणारी ‘मोटर अ‍ॅक्टिव्हिटी लॉग’ नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात रोजची ३० कामं आहेत: दिवा लावणं, खण उघडणं, फोन उचलणं, गाडीतून उतरणं, काटा किंवा चमचा वापरणं, सँडविच खाणं. प्रत्येक कामापुढे रुग्णाने सांगायचं, दुबळा हात किती वेळा वापरला आणि किती नीट चालला. हीच पद्धत ठेवून काट्याच्या जागी एका हाताने पोळीचा घास तोडणं लिहिता येईल. पायजम्याची नाडी बांधणं, साडीच्या निऱ्या धरणं, गड्डीतल्या नोटा मोजणं, थान उलगडून पुन्हा घडी घालणं, हमालाच्या पाठीवर गठ्ठा चढवताना हात देणं अशी कामं तिच्यात यावी लागतील. इथल्या शंभर रुग्णांना ती प्रश्नावली आठवड्याच्या अंतराने दोनदा विचारून उत्तरं जुळतात का, हे आधी पाहावं लागेल. त्यासाठी संच लागत नाही, वीज लागत नाही. एम.पी.टी. या पदव्युत्तर पदवीच्या एका प्रबंधाएवढं हे काम आहे, आणि पुढे कोणतंही यंत्र नागपुरात आलं तरी त्याची परीक्षा याच प्रश्नांवर घेता येईल.